पक्कडकाकांची बरणी

जावयाने ‘भंगार’ हा शब्द उच्चारला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बिचारा फोनवर इतकंच म्हणाला, की आईंचा लॅपटॉप आता थकलाय, येत्या रविवारी मी नवा घेऊन येतो, जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. यात वावगं काही नव्हतं. सासूचा एवढा विचार करणारा जावई मिळायला नशीब लागतं, असं काकू दिवसभर बोलून दाखवत होत्या. पण पक्कडकाकांना ते लागलं ते लागलंच.

पक्कडकाका म्हणजे एका कारखान्याच्या भांडारात उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं भारदस्त नाव त्यांनाही आहे, पण ते दारावरच्या पाटीखेरीज कुठे वापरात नाही. इमारतीत कुणाचा नळ गळो, कुणाची कडी अडको, काका हातात पक्कड घेऊन हजर. बोलावलं तरी हजर आणि नाही बोलावलं तरी हजर. वस्तू दुरुस्त होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. फक्त दुरुस्तीनंतर एखादा स्क्रू उरतो. तो का उरतो याचा उलगडा आजवर झालेला नाही. काकांचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून कंपन्या मुद्दाम जास्तीचे स्क्रू लावतात. असे उरलेले स्क्रू ते एका काचेच्या बरणीत जपून ठेवतात. लेक लहान होती तेव्हा बरणीचं जेमतेम बूड झाकलं होतं. आता झाकण दाबून लावावं लागतं. पाहुण्यांना हसवायचं असलं की घरात बरणीचा विषय निघतो. काकाही हसतात, पण बरणी टाकू देत नाहीत.

आता लॅपटॉपचं म्हणाल, तर तो काकांनी लेकीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा घेऊन दिला होता. तिने पहिल्या घराचा नकाशा त्याच्यावर काढला, पहिल्या नोकरीची मुलाखत त्याच्यासमोर बसून दिली, आणि लग्न होऊन जाताना तो आईसाठी ठेवून गेली. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून त्या अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देतात. आवाज अजून खणखणीत आहे. दम लॅपटॉपला लागतो. ‘ज्वालामुखीचा उद्रेक होण्यापूर्वी’ इथपर्यंत काकू आल्या, की पडद्यावर चक्र गरगरायला लागायचं. काकू पाणी प्यायच्या, चष्मा पुसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून ज्वालामुखी सुरू करायच्या. अख्ख्या इमारतीला तो उतारा पाठ झाला होता.

“थकलाय म्हणे!” काका म्हणाले. “अगं, त्याला काहीही झालेलं नाही. मेमरी कमी पडतेय, एवढंच. वाढवली की पळेल.”

“आणि नाही पळाला तर?”

“तर रविवारी माझ्या हाताने जावईबापूंच्या गाडीत नेऊन ठेवीन.”

बोलून गेले खरे. पण रविवारी नुसता जावई येणार नव्हता, त्याचे आईवडीलही येणार होते, आणि खरी मेख तिथे होती. व्याही हे निवृत्त चीफ इंजिनिअर. त्यांनी पूल बांधलेले. लेकीचं लग्न ठरताना ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या वर पाहून म्हणाले होते, “पंखा आवाज करतोय.” काका अभिमानाने म्हणाले, “मीच दुरुस्त केलाय.” त्यावर व्याही म्हणाले, “हं.” त्यानंतर ते कितीतरी गोड बोलले असतील. काकांच्या लक्षात तेवढा ‘हं’ राहिला.

काकांनी लॅपटॉपसाठी मेमरी आणायचं ठरवलं, ही बातमी जिन्यातून वर जायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे बँकवाले चपला अडकवून खाली आले. “अहो, विकून मोकळे व्हा. जुन्या वस्तूत जीव गुंतवू नये माणसाने,” असं म्हणून त्यांनी आपण जुना फ्रीज कसा वेळेवर काढला त्याची कथा सांगितली. ती सगळ्यांनी ऐकलेली होती. समोरचे प्राध्यापक मात्र गंभीर झाले. ते म्हणाले, माणसाच्या अंगात स्थिर वीज असते, तिचा एक झटका बसला की मेमरीची पट्टी जागच्या जागी खलास. म्हणून पट्टीला हात लावण्यापूर्वी दर वेळी धातूच्या वस्तूला हात लावायचा. काकांना हा सल्ला फार आवडला. आपल्या अंगात वीज आहे, हे त्यांना इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिली फेरी कंपनीच्या सेवा केंद्रात झाली. तिथे टोकन घेऊन बसायचं. काका बसले, उठले, भिंतीवरचे सगळे फलक वाचले, एका फलकातली शुद्धलेखनाची चूक शेजारच्याला दाखवली. शेवटी नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “सर, ओरिजिनल बिल आहे?”

हा प्रश्न विचारून तिने काकांना केवढा आनंद दिला, याची तिला कल्पना नव्हती. भांडारातला माणूस तो! काकांनी पिशवीतून बिल काढलं, वॉरंटी कार्ड काढलं, माहितीपुस्तिका काढली आणि मूळ खोक्यातला थर्माकोलसुद्धा काउंटरवर ठेवला. मुलीने बिल पाहिलं, संगणकात काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, “सर, हे मॉडेल आमच्या सिस्टिममध्ये नाही.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे दाखवत नाहीये.”

काकांनी लॅपटॉप काढून थर्माकोलशेजारी ठेवला. “हा बघा. दिसतोय ना?”

“तो दिसतोय सर. पण सिस्टिममध्ये नाहीये.”

“तुमच्याच कंपनीचं नाव आहे त्याच्यावर.”

“हो सर. पण सिस्टिममध्ये असल्याशिवाय मला मेमरीची रिक्वेस्ट टाकता येत नाही.” मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, “सर, थर्माकोल घ्या ना प्लीज, मागचे लोक वैतागलेत.”

जी वस्तू समोर आहे ती नाहीच, असं ऐकून घ्यायची काकांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ होती. भांडारात नेहमी उलटं व्हायचं. वस्तू कागदावर असायची आणि फळीवर नसायची. ते थर्माकोल काखेत मारून ताठ मानेने बाहेर पडले. दार ढकलायचं होतं, ते त्यांनी बराच वेळ ओढलं.

अखेर मेमरी मिळाली ती जुन्या संगणकांच्या एका दुकानात. दुकानदाराने मेलेल्या लॅपटॉपच्या ढिगातून एक पट्टी काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, “चालायला पाहिजे. बसवून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.”

“त्याची गरज नाही,” काका म्हणाले. ते इतक्या थंड आवाजात म्हणाले, की दुकानदाराने घाबरून पट्टी कागदात नीट गुंडाळून दिली.

शनिवारी दुपारी शस्त्रक्रिया सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली, लॅपटॉप पालथा घातला. या खेपेला एकही स्क्रू उरू द्यायचा नाही, हा काकांचा पण होता. त्यांनी फ्रीजमधला बर्फाचा ट्रे आणला. कशी झकास कल्पना! लॅपटॉपच्या वरच्या ओळीतले स्क्रू ट्रेच्या वरच्या ओळीत, खालचे खालच्या ओळीत, लांब इकडे, आखूड तिकडे. एकेका खणात एकेक स्क्रू. ट्रे गडद निळा, स्क्रू काळे, पण काकांच्या मनात सगळा नकाशा स्वच्छ होता. एक खाच आधीपासून रिकामी दिसत होती की काय, याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. उघडायच्या घाईत माणूस खाचा बघत नाही.

मग पट्टी. स्थिर वीज घालवायला काका दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावून येत होते. काकू तिथे भांडी घासत होत्या. पहिल्यांदा त्या बाजूला सरकल्या. दुसऱ्यांदा सरकल्या. मग म्हणाल्या, “अहो, मलाच हात लावून जा. माझ्या हातात कढई आहे.”

पट्टी बसली. मागचं झाकण न लावताच काकांनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि आतून नुसतं टूं टूं टूं ऐकू यायला लागलं. पट्टी काढली, घातली. नळाला हात लावून पुन्हा काढली, घातली. टूं टूं थांबेना. एरवी निदान ज्वालामुखीपर्यंत तरी पोचत होता, आता तेवढंही नाही. लेकीने मागे ठेवलेली वस्तू आपण आपल्या हाताने घालवली असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात येताच त्यांनी घाईघाईने लॅपटॉपवर चादर ओढली. ट्रेवर झाकण लावून तो फ्रीजच्या डोक्यावर ठेवला आणि “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून बाहेर पडले.

काका फिरत असताना लेक आली. बाकीची मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती. ही आईला मदत म्हणून एक रात्र आधी. आता या घरात एक नियम आहे, आणि तो काकांनीच घातलेला आहे. बर्फाचा ट्रे रिकामा दिसला, की ज्याला दिसेल त्याने तो तत्क्षणी भरून ठेवायचा. भांडारातला माल कधी शून्यावर येऊ द्यायचा नसतो, हे लेकीला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलेलं. ट्रेच्या झाकणाला कोपऱ्यात भोक आहे, तिथून पाणी ओतायचं. लेकीने फ्रीजवर ट्रे पाहिला, उचलला, हलका लागला. ‘हे दोघं आता विसरायला लागलेत,’ असं म्हणत तिने तो नळाखाली धरला आणि फ्रीजमध्ये सरकवला. बापाने लावलेली शिस्त ती सासरी जाऊनही विसरली नव्हती.

रविवारी सकाळी काकांना उपाय सुचला. लेकीच्या जुन्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन त्यांनी पट्टीची सोनेरी कड हलकेच घासली, पट्टी बसते ती खाच ब्रशने झाडली, आणि पट्टी तिरकी धरून अशी दाबली की ‘कट्’ असा आवाज झाला. आदल्या दिवशी हा ‘कट्’ झालाच नव्हता. बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला! नुसता सुरू झाला नाही, काकू चष्मा शोधेपर्यंत त्यांचं रेकॉर्डिंग उघडून बसला होता. काकू उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. ज्वालामुखी आला, गेला, लाव्हा थंड झाला, काळी माती तयार झाली, तरी चक्र म्हणून दिसलं नाही. काकूंनी वर पाहिलं. “अहो, पळतोय की!” त्या म्हणाल्या. काकांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण सांभाळावं लागलं.

आता नुसतं झाकण लावायचं. काका फ्रीजपाशी गेले तर डोक्यावर ट्रे नाही. खाली नाही, मागे नाही. तेवढ्यात बेल वाजली.

पाहुणे वेळेआधी आले. जावयाच्या हातात नव्या लॅपटॉपचं खोकं होतं. व्याही नेमके पंख्याखालच्या खुर्चीत बसले आणि वर बघून हसले. काका “या, या” म्हणत होते आणि डोळ्यांनी कपाटांची वरची फळी चाचपत होते. ट्रे कुठाय असं सरळ विचारावं तर स्क्रू हरवले हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेही व्याह्यांसमोर. काकांनी कोचाखाली पाहायला मिळावं म्हणून हातातला पेन दोनदा पाडला.

लेकीने लिंबाचं गार सरबत आणलं. सगळ्यांनी पेले घेतले. व्याह्यांनी मोठा घोट घेतला, बर्फाचा तुकडा कडकन चावला, थांबले आणि बोटांनी ओठांतून एक काळी वस्तू बाहेर काढली.

“लवंग समजलो मी,” ते म्हणाले. “व्याहीबुवा, हा स्क्रू आहे.”

“मलाही लवंगच वाटली!” लेक ओरडली. “म्हटलं आई हल्ली बर्फात लवंग घालते की काय!”

एकदम सगळे उठले. पेले गोळा झाले, चहाच्या गाळणीतून सरबतं गाळली गेली, उरलेला बर्फ पातेल्यात घालून गॅसवर चढवला. काका मान खाली घालून पातेल्याशी उभे होते. त्यांचा झकास नकाशा तिथे उकळत होता. लांब, आखूड, वरचे, खालचे, सगळे एका ठिकाणी.

“नकाशा गेला,” काका पुटपुटले.

“असा कसा जाईल?” मागून व्याह्यांचा आवाज आला. पूल बांधणारा तो माणूस बाह्या सरसावत होता. “खोल खाचेत लांब, उथळ खाचेत आखूड. आणा इकडे. घरी मला कुणी बल्बसुद्धा बदलू देत नाही हो, लगेच माणूस बोलावतात.”

दोघे जमिनीवर चादरीवर बसले. व्याही काडीने खाचेची खोली बघायचे, काका स्क्रू बसवायचे. “हा नाही, तो.” “बरोबर, तोच.” इकडे कोचावर विहीणबाई काकूंना म्हणाल्या, “बऱ्याच दिवसांनी यांना इतकं खूश बघतेय.” एकेक खाच भरत गेली, आणि शेवटी एक खाच उरली. स्क्रू मात्र संपले होते.

आयुष्यात प्रथमच काकांना स्क्रू कमी पडला होता. त्यांनी गाळणी पाहिली, पातेलं पाहिलं, पेले पाहिले. मग सगळ्यांनी हळूहळू व्याह्यांकडे पाहिलं.

व्याह्यांचा चेहरा उतरला. “पहिला घोट जरा मोठाच घेतला होता मी,” ते म्हणाले.

झालं! विहीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. जावई डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला. गडबड ऐकून बँकवाले खाली आले आणि केळी खायला घाला म्हणाले. प्राध्यापक समोरून आले आणि केळी मुळीच देऊ नका म्हणाले. व्याही पोटावर हात ठेवून, आत काही टोचतंय का याचा अदमास घेत ताठ बसून राहिले. काकांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. लॅपटॉप वाचवायला निघालो आणि लेकीच्या सासऱ्याला स्क्रू पाजला! तिने आता सासरी तोंड कसं दाखवायचं? नवं खोकं दाराशी होतं. काका उठले, जुना लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि जावयासमोर धरला. “घेऊन जा,” ते म्हणाले.

“थांबा,” काकू म्हणाल्या. त्या आतून आल्या होत्या आणि त्यांच्या हातात बरणी होती. “आधी यात बघा.”

“यात कसा असेल? यात जुने आहेत.”

“लॅपटॉप तरी कुठे नवा आहे?”

काकांनी बरणी चादरीवर उपडी केली. खळखळ करत सगळा संसार बाहेर पडला. व्याही पोट विसरून पुढे झुकले. बाकीच्या स्क्रूंच्या टोकाला कंपनीने लावलेला निळा ठिपका होता, तसा ठिपका शोधायचा होता. पितळी गेले, गंजके गेले, आणि ढिगाच्या तळाशी एक काळा आखूड स्क्रू दिसला. टोकाला निळा ठिपका. काकांनी तो शेवटच्या खाचेत ठेवला आणि फिरवला. तो सुखाने आत गेला आणि घट्ट बसला.

लेक बघतच राहिली. “बाबा! मी कॉलेजात असताना तुम्ही याचा पंखा साफ करायला हा उघडला होतात.”

“उघडला होता,” काका सावकाश म्हणाले.

म्हणजे एक स्क्रू तेव्हापासूनच कमी होता. म्हणजे ट्रेमध्ये गेले तेवढे सगळे परत आले होते. म्हणजे व्याह्यांच्या पोटात लिंबाच्या सरबताखेरीज काहीही नव्हतं! व्याह्यांनी पोटावरचा हात काढला आणि काकांच्या पाठीवर अशी थाप मारली, की काका दोन पावलं पुढे गेले. “व्याहीबुवा,” ते म्हणाले, “इतकी वर्षं जपून ठेवलात! आमच्या खात्यात अशी माणसं असती तर!” आणि ते ‘हं’ म्हणाले नाहीत.

काकूंनी ज्वालामुखीचा धडा लावून दाखवला. खणखणीत आवाजात तो न अडखळता शेवटपर्यंत गेला. जावयाने नवं खोकं गाडीत नेऊन ठेवलं आणि परत येऊन म्हणाला, “बाबा, माझाही जुना एक पडलाय घरी.” काका ‘बघू’ म्हणाले. अशा वेळी लगेच हो म्हणायचं नसतं.

सगळे पुन्हा बसले. काका बरणीत स्क्रू परत भरत होते, आज प्रथमच त्या बरणीला कुणी हसत नव्हतं. तेवढ्यात विहीणबाईंना विचार सुचला. “म्हणजे,” त्या म्हणाल्या, “या बरणीतला प्रत्येक स्क्रू या घरात अजून कुठे ना कुठे कमी आहे?”

वरचा पंखा कुरकुरत होता. सगळ्यांनी माना वर केल्या. विहीणबाईंनी खुर्ची भिंतीकडे सरकवली. मग जावयाने सरकवली. बँकवाल्यांना वरच्या मजल्यावर काहीतरी काम आठवलं. पूल बांधलेले व्याहीसुद्धा सहज उठल्यासारखे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पंख्याखाली बरणी मांडीवर घेतलेले काका तेवढे उरले. काकूंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आपली खुर्ची उचलली, ती काकांच्या खुर्चीला खेटून बरोब्बर पंख्याखाली ठेवली, आणि लॅपटॉप उघडून पुढचा धडा वाचायला घेतला.